बाळंतपणाचं अनुदान नको, मजुरी टाका

सरकारी कागदावर आमच्या आयाबहिणींना एकच नाव आहे : लाभार्थी. सातव्या महिन्यात डोक्यावर उसाची मोळी वाहते ती लाभार्थी. वीटभट्टीवर चिखल तुडवते ती लाभार्थी. दुसऱ्याच्या संडासात खराटा मारते ती लाभार्थी. आणि तिच्या पोटातून उद्याचा मजूर ज्याला फुकटात मिळतो तो कोण? तो कारखानदार, तो सहकारमहर्षी. त्याच्या कर्जाला सरकार थकहमी देतं, त्याचं व्याज माफ होतं, पण त्याला कुणी लाभार्थी म्हणत नाही.

आधी हिशोब मांडू. शिव्या नंतर.

केंद्राची प्रधानमंत्री मातृवंदना योजना २०१७ पासून चालू आहे. पहिल्या लेकराला पाच हजार रुपये, तेही हप्त्यांनी. आधी तीन हप्ते होते, २०२२ पासून दोन झाले : तीन हजार नि दोन हजार. आता २०२५-२६ सालचा महाराष्ट्रातला रोजगार हमीचा दर घ्या, दिवसाला ३१२ रुपये. पाच हजाराला तीनशे बारानं भागा. सोळा येतात. म्हणजे बाईनं सोळा दिवसांत पोट वागवायचं, बाळंत व्हायचं, गेलेलं रक्त भरून काढायचं, लेकराला पाजायचं आणि सतराव्या दिवशी पदर खोचून कामावर हजर व्हायचं.

आणि हेच सरकार दवाखान्याच्या भिंतीवर काय रंगवतं? पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. अगदी बरोबर आहे. पण सहा महिने पाजायचं तर सहा महिने बाई लेकराजवळ पाहिजे, आणि लेकराजवळ बसली तर चूल कशावर पेटवायची, हे त्या भिंतीवर लिहिलेलं नाही. सरकारला हे कळत नाही असं समजू नका. स्वतःच्या नोकरीतल्या बाईला ते सहा महिने भरपगारी रजा देतं. मोठ्या कंपनीतल्या बाईला पहिल्या दोन लेकरांपर्यंत सव्वीस आठवडे मिळतात. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात आधी बारा आठवडे होते, २०१७ च्या दुरुस्तीनं सव्वीस झाले, आणि तीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत घालून २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केली. म्हणजे बाळंतपणाला किती दिवस लागतात हे राज्याला पक्कं ठाऊक आहे. त्या बायांना मिळतं ते त्यांच्या हक्काचं. त्याबद्दल आमची काही पोटदुखी नाही. पोटदुखी आहे ती दुसऱ्या गोष्टीची. तेच सव्वीस आठवडे आमच्या बाईला रोजगार हमीच्या दरानं लावा. आठवड्याचे सहा दिवस धरले तर एकशे छप्पन दिवस होतात. ४८,६७२ रुपये. त्या जागी पाच हजार. उरलेले त्रेचाळीस हजार सहाशे बहात्तर कुणी खाल्ले?

वर नाव काय, तर मातृवंदना. वंदना आम्ही विहारात करतो. आईला पाया पडून घ्यायचं नाही, तिला बुडालेली मजुरी पाहिजे.

ही मागणी आजची नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ताबाई साळवे नावाच्या मांगाच्या पोरीनं निबंध लिहिला. मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिला आपल्या बायांचं बाळंतपण आठवलं. डोक्यावर छप्पर नाही, थंडीवाऱ्यात बाळंत होतात, तुम्ही आपल्या अनुभवावरून विचार करा, असं तिनं उच्चवर्णीयांना सुनावलं. आमच्या लिहिण्याचा उगम शोधणाऱ्या पंडितांनी हे नीट वाचावं. आमच्या पहिल्या लिहित्या बाईनं बाळंतिणीचा सवाल मांडला होता, आणि तो तिनं देवापुढं मांडला नाही, समाजापुढं मांडला.

आणखी एक सांगते. गावोगाव सुईणपण करणारी बाई बहुतेक आमच्याच वस्तीतली असायची. पाटलाच्या वाड्यात एरवी जिची सावली चालत नव्हती तिला पाटलीण अडली की मध्यरात्री कंदील घेऊन बोलवायला यायचे. नाळ कापायची, वार पुरायची, विटाळाची लुगडी धुवायची ती आमच्या आज्यांनी. बदल्यात एक जुनेर नि पसाभर जोंधळे. आणि सुईणीचं स्वतःचं बाळंतपण कुणी केलं? शेजारणीनं. कधी कधी कुणीच नाही. आता त्या जागी आशाताई आहेत. त्यांना गावभर फिरवतात, गरोदर बायांच्या नोंदी ठेवायला लावतात, रात्री अपरात्री दवाखान्यात धाडतात आणि कागदावर म्हणतात, या स्वयंसेविका. म्हणजे पगार नको, मोबदला घ्या. जुनेर जाऊन मोबदला आला, एवढीच सुधारणा.

आता बाबासाहेबांवर येते, कारण तुम्ही पोरं इथंच गडबड करता.

दर ८ मार्चला नि दर १४ एप्रिलला एक चित्र मोबाइलवरून फिरतं. बाबासाहेबांचा फोटो आणि खाली, यांनी भारतातल्या बायकांना सव्वीस आठवड्यांची रजा दिली. पोरांनो, असं खोटं बाबासाहेबांच्या नावावर खपवू नका. शत्रू एक खोटं पकडतो आणि दहा खऱ्या गोष्टी त्याच्याबरोबर फेकून देतो. खरं आहे ते याच्याहून मोठं आहे, पण त्याला वाचावं लागतं.

मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाचं बिल आणलं ते आसवले या सभासदानं. २८ जुलै १९२८ ला त्यावर बाबासाहेब बोलले. गिरणीमालकांची बाजू मांडणारे रडत होते की धंद्यावर बोजा पडेल. बाबासाहेबांनी पाठिंबा दिला, आणि नुसता पाठिंबा देऊन थांबले नाहीत. त्यांचं म्हणणं असं : बाळंतपणाआधी नि नंतर बाईला विसावा मिळणं हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचं आहे, तेव्हा त्याचा मोठा भार सरकारनं उचलला पाहिजे, कारण लोकांचं कल्याण राखणं हे मुळात सरकारचं काम. आणि मालकही सुटत नाही, कारण तो बाईला कामावर ठेवतो तो पुरुषापेक्षा तिच्यात त्याचा फायदा जास्त म्हणून. फायदा खायचा तर बाळंतपणाचा खर्चही द्यायचा. लक्षात घ्या, त्यांनी दया मागितली नव्हती. बोजा कुणाचा, याचा हिशोब मांडला होता. त्यात पहिलं नाव सरकारचं होतं आणि दुसरं मालकाचं.

१९२९ साली कायदा झाला, देशातला तसला पहिला. पण बोजा सगळा मालकावर टाकला. सरकारनं हात झटकले. मग मालकानं काय केलं? पुढच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतल्या बाया घटत घटत गेल्या. नवी यंत्रं आली, जादा पाळ्या आल्या, कारणं बरीच होती. पण जिच्या बाळंतपणाचा पैसा आपल्या खिशातून जाणार तिला घ्यायचीच कशाला, हा मालकी हिशोबही त्यात होता. सरकारनं भार उचलला असता तर त्या बहाण्याला जागा राहिली नसती. १९२८ चं म्हणणं अर्धं घेतलं, अर्धं टाकलं, आणि टाकलेल्या अर्ध्याची किंमत गिरणगावच्या बायांनी मोजली.

पुढं १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री. खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात त्या काळात दुरुस्त्या झाल्या. घटनेच्या ४२ व्या कलमात राज्यानं कामाची माणुसकीची परिस्थिती आणि बाळंतपणातली मदत यांची तरतूद करावी असं आलं. पण ते मार्गदर्शक तत्त्व. मार्गदर्शक म्हणजे काय, तर रस्ता दाखवणारं. सत्तर वर्षं रस्ता दाखवतंय. चालणारा कुणी नाही.

२०१३ साली चालल्यासारखं केलं. अन्न सुरक्षा कायदा झाला. त्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला निदान सहा हजार रुपये, असं संसदेनं लिहिलं. सरकारी नोकरीतल्या किंवा दुसऱ्या कायद्यानं लाभ मिळणाऱ्या बाया तेवढ्या वगळल्या. बाकी प्रत्येक बाई. पहिलं लेकरू, दुसरं लेकरू असला काही फाटा कलमात नाही. जात नाही, मुलगा-मुलगी नाही. कायद्याच्या पुस्तकात आमच्या बाईला पहिल्यांदा पूर्ण बाई मानलं गेलं ते इथं.

मग तीन वर्षं तो कायदा जवळजवळ फाईलीत. ३१ डिसेंबर २०१६ ला, नोटबंदीच्या धामधुमीत, पंतप्रधानांनी दूरदर्शनवर सहा हजाराची घोषणा केली, जणू नवीन काही देतोय. आणि २०१७ ला योजना हातात आली तेव्हा सहाचे पाच झाले होते आणि प्रत्येक बाईची पहिलटकरीण झाली होती. पहिलं जिवंत मूल, बस्स. कायदा संसदेचा, आणि तो कापला सरकारी परिपत्रकानं. आमच्या पोरांना संविधानाचा सरनामा पाठ असतो. हे परिपत्रक किती जणांनी वाचलंय?

विचारलं की सांगतात, वरचे हजार जननी सुरक्षा योजनेतून येतात, सरासरी सहा हजार भरतात. आता ही सरासरी बघा. जननी सुरक्षेचे महाराष्ट्रात खेड्यातल्या बाईला सातशे आणि शहरातल्या बाईला सहाशे रुपये, तेही दारिद्र्यरेषेखालची किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर. पाच हजार आणि सातशे. पाच हजार सातशे. दुकानदारानं तीनशे रुपये कमी मोजले तर आपण त्याचा काटा जप्त करायला लावतो.

त्यातही सहा हजार हा आकडा गोठलेला. २०१३-१४ साली रोजगार हमीचा दर महाराष्ट्रात १६२ रुपये होता. तेव्हाच्या सहा हजारात सदतीस दिवसांची मजुरी बसत होती. आज एकोणीस दिवसांची बसते. आमदारांचे भत्ते वाढतात, महागाईभत्ता वाढतो. बाळंतिणीला महागाई लागत नाही असं यांचं शास्त्र असावं.

आणि २०२२ मध्ये सुधारणा केली म्हणून ढोल वाजवला. काय सुधारणा? दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. दुसरा मुलगा झाला तर काही नाही. हेतू चांगला आहे म्हणतात, मुलीचं स्वागत. अरे, स्वागत करा, हत्तीवरून साखर वाटा. पण बाईची मजुरी बुडते ती पोटात पोरगी आहे की पोरगा हे विचारून बुडते का? मुलगा झाला म्हणून तिचं रक्त कमी सांडतं? यांच्या डोक्यात पैसा बाईच्या श्रमाचा नाहीच. तो तिच्याकडून हवं तसं वागणूक काढून घेण्यासाठी दिलेलं बक्षीस आहे. वेळेत नाव नोंदव, घे. डोस पाज, घे. मुलगी जन्माला घाल, घे. एकावरच थांब, घे. २०१७ च्या नियमांत तर असं होतं की सगळे हप्ते घेतले आणि नंतर ते पहिलं मूल दगावलं, तरी पुढच्या बाळंतपणाला पैसा नाही. एक मूल पुरून आलेल्या बाईला सरकार सांगत होतं, तुमचा कोटा संपला.

आता जिथून मी आले तिथलं बोलते. मी ऊसतोड्याची पोर. माझ्या आयनं मला फडातल्या कोपीत जन्म दिला आणि बाराव्या दिवशी कोयता हातात घेतला. हे कौतुकानं सांगायचं नसतं, बाई कशी वाघीण वगैरे. आमचे काही कवी सांगतात. तिला तेव्हा उठायचं नव्हतं. उठावं लागलं, कारण उचल अंगावर होती आणि मुकादम खाडा धरत होता.

ज्यांना फड माहीत नाही त्यांच्यासाठी : दिवाळीच्या सुमाराला मुकादम नवराबायकोला मिळून उचल देतो. दोघांचा मिळून एक कोयता. कागद झालाच तर नवऱ्याच्या नावावर, बाईचं नाव कुठंच नाही. टनावर भाव. एक दिवस काम चुकलं की खाडा, म्हणजे मजुरी गेलीच, वर दंड. कारखाना म्हणतो हे आमचे मजूर नाहीत, मुकादमाचे. मुकादम म्हणतो मीच मजूर आहे. मग बाळंतपणाची रजा मागायची कुणाकडं? प्रसूती लाभाच्या कायद्याला कामाची जागा नि मालक लागतो, वर्षात ऐंशी दिवस काम केल्याचा पुरावा लागतो. आमच्या बायांनी पाच-सहा महिने रोज पहाटे चारपासून ऊस तोडलेला असतो. पुरावा काय दाखवायचा? हातावरचे घट्टे?

या सगळ्याचा शेवट कुठं झाला ते २०१९ साली जगानं पाहिलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या. सरकारनं समिती नेमली, पाहणी झाली. ८२ हजारांवर बाया तपासल्या, त्यातल्या १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली. ज्या व्यवस्थेत पाळी म्हणजे खाडा आणि पोट म्हणजे खाडा, तिथं बाईनं खाड्याचं मूळच कापून टाकलं. दोन लेकरं झाली, आता ही ब्याद नको, असं तिला डॉक्टरनं सांगितलं नि तिला पटलं. कसं पटणार नाही? बाळंतपणाचा एक दिवससुद्धा जिला कुणी भरून दिला नाही तिला गर्भाशय म्हणजे तोट्याचा धंदा वाटणारच. तेव्हा वर्तमानपत्रांनी डॉक्टरांना झोडलं, आणि झोडायलाच हवं होतं. पण बाळंतपणाची मजुरी न देणाऱ्या राज्याला त्या गुन्ह्यात कुणी आरोपी केलं नाही.

मागच्या हंगामानंतर आमच्या गल्लीतल्या एका वहिनीचा फॉर्म घेऊन मी एका कार्यालयात आठ खेपा घातल्या. वहिनी पहिलटकरीण, म्हणजे नियमात बसणारी. पण आधारवर माहेरचं नाव. ते बदलायला गेलो तर बोटाचे ठसे उमटेनात, कोयत्यानं नि पाचटानं बोटं घासून गुळगुळीत झालेली. नाव बदललं तोवर डोसाची नोंद मिळेना, कारण डोस दिले होते दोन जिल्हे पलीकडं, कारखान्याच्या तळावर आलेल्या नर्सबाईनं, आणि कार्ड कोपीत भिजलेलं. साहेब म्हणाले, "बाई, नियम आहे." वहिनी म्हणाली, "सायेब, लेकरू बी हाये. ह्ये बघा." लेकरू त्यांच्या टेबलावर ठेवलं तिनं. शेवटी पैसे सुटल्याचा निरोप आला, आणि खात्यात बघावं तर काही नाही. शोधता शोधता कळलं, मोबाइलचं कार्ड घेताना कुणीतरी तिच्या आधारवर दुसरंच खातं उघडून ठेवलं होतं, रक्कम तिकडं जाऊन बसली. ती हातात आली तेव्हा लेकरू भिंतीला धरून चालत होतं. वहिनी म्हणाली, "आता ह्याच्या बारशाचं लुगडं घीऊ का दुसरीचं?" दुसरी पोटात होती.

यात अंगणवाडीच्या बाईला नि आशाताईला दोष देऊ नका. त्यांनी त्यांच्या बाजूनं कागद पुरे केले होते. डिसेंबर २०२३ मध्ये अंगणवाडीच्या बायांनी राज्यभर संप केला तेव्हा त्यांच्या मांडवात आपल्यापैकी किती जण जाऊन बसले?

यंत्रणा कमी पडते, असं अधिकारी सांगतात. साफ खोटं. २०२४ च्या जूनमध्ये अर्थसंकल्पात 'लाडकी बहीण' जाहीर झाली, ऑगस्टमध्ये पैसे खात्यात पडायला लागले, आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत दोन कोटींच्या वर बायांना महिन्याला पंधराशे मिळत होते. दोन महिन्यांत! तेच आधार, त्याच बँका, त्याच अंगणवाडीच्या बाया फॉर्म भरणाऱ्या. मत पाहिजे होतं तेव्हा ठसे उमटले. मला त्या पंधराशेचा राग नाही, माझ्या आयनंही घेतले. वर्षाचे अठरा हजार होतात, आणि त्याला कुणी विचारलं नाही की बाई, तुझं कितवं लेकरू. तिकडं तामिळनाडूत १९८७ पासून डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावानं बाळंतिणींची योजना आहे. तीनशे रुपयांवर सुरू झाली, २०१८ मध्ये अठरा हजारांवर गेली, त्यातले चौदा रोख आणि बाकीचा सकस आहार, दोन बाळंतपणांपर्यंत. अठरा हजारही पुरेसे नाहीत. पण पाच हजार हा काही आकाशातून पडलेला आकडा नाही, एवढं त्यावरून कळतं.

लोकसंख्या वाढेल म्हणून एकच मूल, असं म्हणणारे आपल्यातही आहेत. शिकून साहेब झालेले. त्यांना सांगा, राष्ट्रीय कुटुंब पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर १.७ आहे. दोनाच्या खाली. पाच हजाराच्या लोभानं कुणी पोर काढत नाही, नऊ महिने झेलून बघा म्हणावं. आणि बाबासाहेबांचा हवाला देतील तर तोही पुरा द्या. १० नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्षातर्फे रोहम यांनी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं. ठराव पडला. त्यात मागणी होती की सरकारनं लोकांना साधनं द्यावीत, आणि बाईला नको असेल तेव्हा गर्भ टाळता यावा. बाळंत झालेल्या बाईच्या ताटातली भाकरी काढून घ्या, असं त्यात कुठं नव्हतं.

अल्पवयीन पोरींचा सवाल अवघड आहे, तो टाळून चालणार नाही. अठराच्या आत लग्न झालेली पोर गरोदर राहिली तर योजनेत बसत नाही. त्याच पाहणीत महाराष्ट्रात विशीतल्या बायांपैकी जवळजवळ बावीस टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या होत्या, आणि परभणी, बीड या कोयत्याच्या जिल्ह्यांत चाळीस टक्क्यांच्या वर. तरणी पोर गावात एकटी ठेवून फडावर जाता येत नाही, आणि लग्न झालं की एक कोयता वाढतो, म्हणून आईबाप उरकून टाकतात. बालविवाह मोडायचा तर मोडा. मी तुमच्या पुढं उभी राहीन. पण सतराव्या वर्षी पोट वाढलेल्या पोरीला दूध-अंडी नाकारून कुठला बालविवाह मोडतो? गुन्हा केला मोठ्यांनी, उपाशी ठेवता तिला.

आता आपल्या चळवळीचं. आपल्याकडं कुणी हा विषय काढला की बैठकीतले दोनचार जण मोबाइल काढतात. महिला आघाडीनं बघावं, असं म्हणतात. नामांतर, राखीव जागा, अत्याचार, हे आपले सवाल. बाळंतपण म्हणजे बायकांचं. गड्यांनो, तुम्ही काय आभाळातून पडलात? अत्याचाराच्या केसला आपण मोर्चा काढतो, तो काढलाच पाहिजे. पण चौदाव्या दिवशी कामावर जाऊन जी बाई महिन्याभरात रक्त जाऊन मरते, तिची फिर्याद कुठल्या ठाण्यात नोंदवायची ते मला सांगा. तिथं दगडही कुणी मारलेला नसतो.

मागायचं काय? मजुरी मागायची. सव्वीस आठवडे, चालू किमान दरानं, प्रत्येक बाळंतपणाला, बाई कुठं काम करते हे न विचारता. निम्मी रक्कम बाळंतपणाआधी हातात. कंत्राटी सफाईच्या बायांनी दिल्ली महापालिकेच्या निकालाची नक्कल जवळ ठेवायची : २००० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हजेरीपटावरच्या रोजंदारी बायांनाही प्रसूती लाभ लागतो. त्या बाया रस्त्याची कामं करणाऱ्या होत्या, खड्डे खणणाऱ्या. कंत्राटदार बदलला म्हणून बाई बदलत नाही, हे महापालिकेच्या तोंडावर सांगता येतं.

आणि उसाला पैसा कुठून, म्हणणाऱ्यांना परत १९२८ चा हिशोब सांगा. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागं दहा रुपये आणि तेवढेच सरकारनं द्यायचे असं ठरलेलंच आहे. महाराष्ट्रात एका हंगामात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. कारखान्यांच्या दहा रुपयांचेच शंभर कोटी झाले. पूर्ण सव्वीस आठवड्यांच्या मजुरीनं भागलं तर वीस हजार बाळंतपणं त्यात निघतात, सरकारचा वाटा अजून हातही न लावता.

यंदाच्या १४ एप्रिलला डीजेच्या पैशातून एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक वही मंडपात मांडा. आत्या, मावशी, वहिनी, जी येईल तिचं नाव लिहा. कितवा महिना, कार्ड आहे का, आधारवर नाव कुठलं, पैसा कुठल्या खात्यात जातो, फडावर कधी जाणार, मुकादम कोण, कारखाना कुठला, मागच्या बाळंतपणाला किती दिवसांनी कामावर गेली. शेवटचा प्रश्न विसरू नका, तहसीलदारापुढं तोच लागणार आहे. लिहायला पोरी बसवा, पोरांनी चहा आणावा. वही दोनशे पानी घ्या, शंभर पानी पुरणार नाही.